माझ्या मापात न बसलेला नाच

मी टिकटिकी बोलतेय. वाजवणाऱ्याचा ताल सुटू नये म्हणून पियानोवर ठेवतात ना, ते वर निमुळतं होत गेलेलं लाकडी यंत्र, तीच मी. किल्ली दिली की माझा दांडा डोलू लागतो. दांड्यावरचं वजन खाली सरकवलं की मी घाई करते, वर नेलं की सावकाश चालते. एवढंच माझं शहाणपण.

जन्म जर्मनीतला, पण आयुष्य गेलं दोब्रुजाच्या सपाटीवर, दोब्रिच गावात, वेलिचको करामिहोव्हच्या घरी. हा माणूस पियानोसाठी रचना करायचा. संगीतकाराच्या घरी टिकटिकी हवी म्हणून त्यानं मला आणलं खरं, पण किल्ली देईल तर शपथ. खिडकीतून वारा आला की कागद उडू नयेत म्हणून मला त्यांच्यावर बसवायचा. मला नवल वाटे, हा ताल मोजतो तरी कशानं?

त्याची आवडती रचना म्हणजे एक रचेनित्सा, लग्नात नाचतात ती. दोन आखूड पावलं आणि तिसरं लांब. राजधानीत, सोफियाला, कुणीतरी ती एकदाच वाजवली, ती इतकी भरभर की लोक हसले. मग त्याच्या कुठल्याच रचनेला कुणी हात लावला नाही. वेलिचको गेला. मी काचेच्या कपाटात, पेल्यांच्या शेजारी.

यंदा चेरी पिकल्या तेव्हा सोफियाहून इस्क्रा आली, पियानो वाजवणारी. वेलिचकोच्या साऱ्या रचना तिला रेकॉर्ड करायच्या होत्या. बरोबर वायरींची भेंडोळी घेऊन म्लादेन. त्याला संध्याकाळी रेकॉर्डिंगची यंत्रं परत न्यायची होती.

वेलिचकोची म्हातारी लेक झ्लातिना म्हणाली, "आधी मला ऐकव. पटलं नाही तर बाबांचं नाव लावू देणार नाही. एकदा हसं झालंय, तेवढं पुरे."

इस्क्रानं रचेनित्सा वाजवली. काय बोटं होती बाई! झ्लातिना चीज भरून भाजलेल्या बानित्साचे तुकडे कापत ऐकत होती.

"मुली, तुला बस गाठायची आहे का?"

म्लादेन खुदकन हसला.

"मावशी, आमच्याकडे अशीच नाचतात," इस्क्रा म्हणाली.

"तुमच्याकडे पायाखाली निखारे असल्यासारख्या उड्या मारतात. आमची माणसं नांगरटीची. पाय उचलतात तेही जमिनीला विचारून."

"मग वेग किती धरू? तुमच्या बाबांनी आकडाच लिहिला नाही."

"आकडा मला काय ठाऊक? बघ."

झ्लातिनानं सुरी खाली ठेवली, हातात रुमाल घेतला आणि गुडघे वाकवून नाचू लागली. इस्क्रानं घाईनं मला काढलं, किल्ली दिली. किती वर्षांनी अंगात जीव आला! पहिलं पाऊल माझ्याबरोबर पडलं, दुसरंही. तिसरं मात्र जमिनीवर टेकून रेंगाळलं आणि मी पुढे निघून गेले. इस्क्रानं वजन वर घेतलं, तर पहिल्याच पावलाला मी मागे. ते तिसरं पाऊल कधी थोडं थांबे, कधी बरंच. असं कसं, म्हणून मी कान देऊन ऐकत राहिले.

"त्या बयेला गप्प कर," झ्लातिना धापा टाकत म्हणाली. "मोजते चांगलं, पण नाचता येत नाही तिला."

इस्क्रानं माझा दांडा अडकवून टाकला आणि मावशीच्या शेजारी उभी राहिली.

"अहो, उजेड चाललाय, मला निघायचंय," म्लादेन म्हणाला.

"खांबासारखा उभा राहिलास तर उशीर होणारच. ये, तूही ये."

तिघं नाचली. दोघींचे पाय एकत्र पडू लागले तशी इस्क्रा पियानोपाशी बसली. म्लादेननं यंत्र सुरू केलं. सूर तेच, पण आता त्यांना वजन आलं होतं. भरल्या गाडीला जुंपलेल्या बैलांसारखे ते दमानं चालले होते. कुणाला हसू आलं नाही. शेवटचा सूर विरला तरी झ्लातिना खिडकीकडे तोंड करून उभीच होती.

"लाव बाबांचं नाव," ती म्हणाली.

आता मी पियानोवर असते, दांडा अडकवलेला. रेकॉर्ड ऐकून वाजवणारे येतात आणि वेग विचारत माझ्याकडे बघतात. बाबांनो, मला किल्ली देऊ नका. दोब्रुजातल्या एखाद्या लग्नाला जा, नाचणाऱ्यांचा हात धरा, आणि तिसरं पाऊल उचलायची घाई करू नका.