झोपलेल्या कंदाची तक्रार

मी एक जुना कंद आहे, आणि मी मेलेलो नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना जितक्या वेळा साधी सर्दी होते, तितक्या वेळा मला मेलेला ठरवून झालं आहे.

दिसायला मी काही खास नाही. शेंगदाण्याएवढा, तपकिरी, सुरकुतलेला. पण हिवाळा सरत आला की माझ्यातून बाणाच्या टोकासारखी चकचकीत हिरवी पानं वर येतात आणि त्या पानांच्या आड माझी फुलं लपून बसतात. वरून चॉकलेटी, खालून पांढरी, आणि प्रत्येकाला एक लांब, बारीक, वर उभी शेपटी. पानं जरा बाजूला केली की वाटतं, उंदरांचं अख्खं कुटुंब डोकं खाली घालून बिळात शिरतंय. म्हणून मला उंदीरझाड म्हणतात. म्हणोत बापडे. गुलाबाला कोणी काटेझाड म्हणत नाही, माझ्या नशिबी मात्र उंदीर!

माझं कूळ भूमध्य समुद्राकाठच्या जंगलातलं. तिकडे पाऊस पडतो थंडीत, आणि उन्हाळा जातो कोरडा ठणठणीत. म्हणून आम्ही थंडीत वाढतो, सावलीत फुलतो आणि ऊन तापू लागलं की पानं पिवळी करून, गाशा गुंडाळून मातीखाली झोपतो. पिढ्यान्‌पिढ्या आमची हीच रीत आहे. यात लपवाछपवी काही नाही. कोणीही विचारावं. पण विचारतो कोण?

मी वाढलो एका बाइंडरबाईंच्या आईच्या अंगणात. पुस्तकांच्या शिवणी उसवून ती नव्यानं बांधणं हे बाईंचं काम. त्यांच्याकडे एक हाडाची गुळगुळीत पट्टी होती, कागदाची घडी दाबायची. वसंताच्या सुरुवातीला मायलेकी माझ्यापाशी उकिडव्या बसत आणि त्या पट्टीनं पानं अलगद उचलून शेपट्या शोधत. पानांना बोट लावायचं नाही, असा आईचा दंडक होता. जिला पहिली शेपटी दिसेल तिला त्या दिवशी भांडी घासायची माफी. काय कौतुक व्हायचं माझं तेव्हा!

मग आई गेली. घर विकलं. आता तिथे मोटारी उभ्या राहतात. घराच्या किल्ल्या देण्यापूर्वी बाईंनी मला आणि माझ्या भावंडांना हलक्या हातानं खणून काढलं, जेवणाच्या डब्यात कागदाच्या कातरणांत गुंडाळलं आणि आपल्या घरी आणलं. घराला लागूनच त्यांचा पुस्तकबांधणीचा कारखाना आहे आणि त्यामागे एक चिंचोळं अंगण आहे. शेजारच्या चष्म्याच्या दुकानाची उंच भिंत तिथलं ऊन अडवते. त्या भिंतीच्या कोपऱ्यात आम्हाला लावून बाई यजमानांना म्हणाल्या, "आता माझं माहेर म्हणजे एवढंच हो."

यजमान होते मालगाडीवर गार्ड. सगळी नोकरी फिरतीवर गेली. घरी येत ते झोपायला आणि कपडे बदलायला. त्यामुळे मला त्यांनी धड पाहिलंच नव्हतं. निवृत्त झाल्यावर मात्र दिवसभर हात शिवशिवत. दाराच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, तेल घातलेलं पुसून झालं. आणि नेमक्या त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर लेकीच्या बाळंतपणासाठी बाईंना जावं लागलं.

दारात बॅग उचलताना बाई म्हणाल्या, "अहो, माझ्या कोपऱ्याची काळजी घ्या हं."

"निर्धास्त जा," गार्डसाहेब म्हणाले. "चार्ज घेतला मी."

इथून माझ्या छळाला सुरुवात झाली. नेहमीप्रमाणे माझी पानं पिवळी पडू लागली. मी जांभया देत होतो, दुसरं काही नाही. पण गार्डसाहेबांना वाटलं, मी वाळतोय. ताब्यात घेतलेला माल जसाच्या तसा पोचवायचा, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. त्यांनी झारी आणली. झारी पुरेना तेव्हा बादली आणली. सकाळी एक, संध्याकाळी एक, गाडी सुटावी तशी वेळेवर.

भिंतीतल्या खिडकीतून शेजारचा चष्मेवाला डोकावला. "पाणी कमी पडतंय हो. वाढवा!" दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढणारा हा गृहस्थ, आणि याला समोरचा चिखल दिसेना! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तुम्ही गाढ झोपलेले असताना कोणी रोज तुमच्या अंगावर बादली रिकामी केली आणि वर त्याला प्रेम म्हटलं, तर तुम्हाला कसं वाटेल? सांगा ना!

रागाचं सोडा. माझी भावंडं त्यात कुजली. ज्यांच्याबरोबर मी डब्यातून आलो, ती एकेक करून मऊ पडली आणि मातीत विरघळली. मला ओरडता येत नव्हतं. मी भिंतीला चिकटून होतो, एका विटेच्या आडोशाला, म्हणून वाचलो.

"गेलं हे," चष्मेवाल्यानं निकाल दिला. "बाई यायच्या आत उकरून टाका आणि काहीतरी रंगीत लावा. खूश होतील."

गार्डसाहेबांनी कोपरा उकरला. दर घावाला ते थांबत होते, हे मला कळत होतं, पण खरं सांगतो, मला तेव्हा त्यांची दया आली नाही. माझ्यासकट सगळी माती पालापाचोळ्याच्या ढिगावर गेली. कोपऱ्यात पांढरी खडी पसरली आणि तिच्यावर लालभडक फुलांच्या कुंड्या मांडल्या गेल्या.

उन्हाळा संपला आणि बाई परत आल्या. हातातली बॅग खाली न ठेवताच अंगणात आल्या आणि थबकल्या.

"इथलं कुठाय?"

"वाळलं गं ते. मी रोज पाणी घातलं. दोन्ही वेळा. शप्पथ, एक दिवस चुकवला नाही."

बाई बॅग टाकून खडीवर बसल्या. "अहो, ते उन्हाळ्यात झोपतं. कोणी चुकून पाणी ओतू नये म्हणून आई त्या जागेवर खुर्ची ठेवायची!"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. इतकी वर्षं घरात आहे ते."

"इतकी वर्षं मी कुठे होतो घरात?" गार्डसाहेब म्हणाले.

मग बाई उठल्या आणि पिठाची चाळणी घेऊन आल्या. अंधार पडेपर्यंत नवरा-बायको ढिगापाशी बसून माती चाळत होती. चाळणीत देठ येत होते, खडे येत होते, कुजका लगदा येत होता. शेवटी मी आलो. "खडा," असं म्हणत गार्डसाहेबांनी मला फेकायला हात उगारला. माझा जीव टांगणीला!

"थांबा!" बाईंनी मला घेतलं आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं. "घट्ट आहे. अहो, हा घट्ट आहे!" आणि त्या इतक्या रडल्या की मी पुन्हा भिजलो. गार्डसाहेबांनी खिशातला रुमाल काढून मला पुसलं. बाकी कोणी सापडलं नाही.

खडी निघाली, कुंड्या हलल्या आणि मी माझ्या सावलीत परतलो. हिवाळा संपताना मी होतं नव्हतं ते बळ एकवटून थोडी पानं काढली. बाईंनी हाडाची पट्टी गार्डसाहेबांच्या हाती दिली. आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्यापाशी उकिडवे बसले, गुडघे कुरकुरत. पान उचललं.

"शेपटी! दिसली, दिसली!"

"माहेरचं माणूस आलं," बाई हळूच म्हणाल्या. "आज तुम्हाला भांड्यांची माफी."

मित्रांनो, मी अजून पुरता निवळलेलो नाही. भावंडं परत येत नाहीत. म्हणून माझं एकच मागणं आहे. कोणाची काळजी घ्यायची असेल तर हातात बादली घेण्याआधी त्याला काय हवं ते विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर त्याला ओळखणाऱ्याला विचारा. आणि कोणी गप्प पडून असेल तर लगेच त्याला मेलेला ठरवू नका.

यंदा ऊन तापलं आणि माझी पानं पिवळी पडू लागली. गार्डसाहेब झारी घेऊन आले. बराच वेळ उभे राहिले. मग झारी परत ठेवून घरातली खुर्ची घेऊन आले, ती माझ्या कोपऱ्यात मांडली आणि स्वतःच तिच्यावर बसले.

खिडकीतून चष्मेवाला डोकावला. "अरेरे! पुन्हा गेलं वाटतं?"

"झोपलंय," गार्डसाहेब म्हणाले. "आणि जरा हळू बोला."