बांधावरचा वारस

बांधावरच्या झाडाला नावाची पाटी बांधायला योगेंद्रकाका मुद्दाम भर दुपारी गेले होते, तिथे चिटपाखरू नसताना. कुणी भेटलं असतं तर परवानगी मागावी लागली असती, म्हणजे बोलावं लागलं असतं. खोपोलीच्या वाचनालयात तीस वर्षं पुस्तकांची देवघेव करताना त्यांनी बोलणं होईल तितकं टाळलं होतं. झाडाची ओळख मात्र चार पुस्तकं ताडून पक्की केली, आणि पत्र्यावर रंगाने सुबक लिहिलं, 'वारस'.

रविवारी हर्षलाची निसर्गफेरी निघाली; तिच्यासाठीच तर काकांनी पाटी लावली होती, आणि तेही फेरीत होते. चौकच्या मागच्या गावातून डोंगरापर्यंत चालायचं, झाडं ओळखायची, बिया जमवायच्या आणि पावसाळ्यात उजाड टेकडीवर लावायच्या, असा तिचा बेत. पंधरा जण बांधाशी आले, तर वाटेवर बाभळीची काटेरी फांदी आडवी. पलीकडे शेताच्या मालकीण सुंदराबाई. एका हातात कोयता, दुसऱ्यात झाडावरून उतरवलेली पाटी.

"कुनी लावली ही?"

बाईंनी पाटी सगळ्यांसमोर नाचवली.

"माझ्या दिरानं धाडलं ना तुमाला? नवरा गेला, मला एक पोरगी, म्हनून जमिनीला वारस नाय म्हनतो मेला. आता पाटी लावून वारस उभा करतो व्हय? झाडच तोडते. आनि ही वाट बंद!"

"काका," चौकचा गॅरेजवाला तालिब कानाशी कुजबुजला, "तुम्ही तर थेट सातबाऱ्यालाच हात घातलात."

हर्षला पुढे होऊन सावरून घेणारच होती. पण कोयता झाडाच्या दिशेने वळला आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "मी लावली, बाई. न विचारता लावली, चुकलं. वारस हे त्या झाडाचंच नाव आहे."

"झाडाचं? कुनाचा वारस?"

"ते पुस्तकात नाही." काकांनी खरं तेच सांगितलं. "मलाही कोडंच आहे. तुम्ही काय म्हणता याला?"

"काय म्हननार? बांधावरचं झाड. सासऱ्याच्या आदीपासून हाय. आमची हद्द इथवर, त्याची खूनच…" बाई मधेच थांबल्या. कोयत्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या दिराच्या शेताकडे. खूण गेली की बांध सरकायला किती वेळ?

काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. पायाशी पडलेली हातभर लांब, खरखरीत, वाकडी शेंग त्यांनी उचलली आणि उकलली. आत कागदासारखे पातळ पंख असलेल्या बिया एकीवर एक रचलेल्या.

"अगं बया! आत असं असतंय?" बाई वाकून बघू लागल्या. "आनि मी इतकी वरसं चुलीत घातल्या!"

तेवढ्यात वाऱ्याने दोन बिया उडाल्या.

"भाभी, दोन वारस दिराच्या शेतात गेले," तालिब म्हणाला.

बाईंना हसू आवरेना. पदराने डोळे पुसत त्यांनी कोयता कमरेला खोचला.

"नाय तोडत. पन एक काम करा. दर आयतवारी हितनंच जायाचं. चार मानसांच्या नजरेतलं झाड त्यो कसा तोडील, बघतेच! आनि मास्तर, म्होरल्या खेपेला इचारून."

"मी मास्तर नाही," काका पुटपुटले.

"मंग ह्येवढं कसं ठावं?"

बाईंनी फांदी बाजूला ओढली आणि स्वतःच पुढे चालू लागल्या. वर पाण्याजवळ एक वेल होता, त्याचं नाव त्यांना कधीपासून विचारायचं होतं.