चार मागितल्या, आठ आल्या

मंदाकिनी साठ्यांनी तीसेक वर्षं शाळेत त्रिकोणमिती शिकवली. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी संप पुकारला आणि दिवाळीत सोसायटीच्या अंगणात काढायची मोठी रांगोळी सुटली. त्याची रुखरुख सून अस्मिताला दिसत होती. तिने सुचवलं, आकृती लॅपटॉपवर आखा, रंग बाकीचे भरतील. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा तिने उघडून दिली. साइन, कोसाइन अशी गणिताची फंक्शन्स त्यात तयारच होती. नाव लिहून कंसात आकडा टाकला की उत्तर हजर.

मंदाकिनीबाईंनी पहिल्यांदा विचारलं तीसचं साइन. यायला हवं अर्धा, आलं उणे ०.९८८. पेपर वाचता वाचता त्यांचे पती श्यामराव म्हणाले, "दहावीला पुन्हा बसव त्याला."

अस्मिता सांगायला पुढे झाली, पण बाईंनी तिला हातानेच थांबवलं. चहा निवून गेला. कागदावर आकडेमोड करता करता त्या एकदम हसत सुटल्या. यंत्र कोन अंशांत मोजतच नव्हतं, ते तीस रेडियन धरून बसलं होतं.

"त्याचं बरोबर आहे गं. मीच त्याच्या मापात विचारलं नाही."

अंशांचे रेडियन करून देणारं फंक्शनही तिथेच सापडलं. मग बाईंना थांबवणं कठीण झालं. फूल काढायचं म्हणून मध्यापासूनचं अंतर त्यांनी कोनाच्या चौपटीच्या कोसाइनवर सोडलं. चार पाकळ्या येतील असा अंदाज होता, पडद्यावर उमलल्या आठ. उणे आलेलं अंतर समोरच्या बाजूला जाऊन उमटत होतं! कळलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातून अस्मिताला पिठाच्या हातांनिशी ओढत आणलं.

वसुबारसेला आकृतीचे मोठे कागद जोडून अंगणात पसरले, टोचलेल्या भोकांतून रांगोळी झिरपली आणि फरशीवर फूल उतरलं. रंग भरायला चार मजल्यांची माणसं वाकली. बाई खुर्चीवर बसून कुठे केशरी, कुठे जांभळा ते सांगत होत्या. इतक्यात श्यामराव शेजारी येऊन उभे राहिले.

"चारच्या आठ, तर लक्ष्मीपूजनाला पाचच्या दहा होतील?"

बाईंनी मांडीवरच्या लॅपटॉपवर चारच्या जागी पाच लिहिलं. पाकळ्या पाचच आल्या.

"आता हे का?" श्यामरावांनी विचारलं.

"खुर्ची आणा तुमची," बाई खुशीत म्हणाल्या, "दोघं मिळून शोधू."