उतरताना मागे कोण

डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात आन्सेल्मने सूपचा वाडगा डाव्या हाताने जवळ ओढला आणि चमचाही डाव्याच हाताने उचलला. उजवा हात टेबलाखाली मांडीवर होता. त्याची शेवटची तीन बोटं दुपारपासून मेल्यासारखी पडली होती.

समोर मारिव्हॉन पावाचा तुकडा उगाच कुस्करत बसली होती. लोझानच्या शाळेत भूगोल शिकवणारी ही बाई अठरा उन्हाळे आन्सेल्मच्याच दोरावर डोंगर चढत आलेली. दुसरा गाईड तिला चालत नसे. आज दुपारी, सहलीच्या तिसऱ्या दिवशी, हिमनदीवर उतरताना तिचा पाय सुटला. "धरलंय!" आन्सेल्म ओरडला. चाळीस वर्षं तो हेच ओरडत आला होता आणि दरवेळी ते खरं होतं. आज मात्र हातातले दोराचे वेढे एकामागून एक निसटत गेले आणि त्याला कळलंसुद्धा नाही. शेवटचा वेढा सुटला असता तर कंबरेला बांधलेल्या त्याच दोराने तिच्यामागून तोही खालच्या भेगेत गेला असता. मारिव्हॉनची बर्फात रोवायची कुऱ्हाड एका दगडात अडकली, म्हणून दोघं वाचली. दुसऱ्या दोरावरची दोघं, त्याची लेक ओदील आणि तिचं गिऱ्हाईक, तेव्हा पुढे वळणापलीकडे होती. कुणी काही पाहिलं नाही.

चढताना गाईड पुढे, उतरताना मागे. का, ते आमच्या खोऱ्यात शेंबडं पोरही सांगेल: मागचा धरतो. उतरता उतरता मागे वळून बघणाऱ्या गिऱ्हाइकावर आन्सेल्म खेकसायचा, "मागे काय बघताय? मागे मी आहे!"

ओदील स्वयंपाकघरातून चीजची थाळी घेऊन आली. सात वर्षांपासून तीही गाईड.

"काय बाबा, आज एवढा मागे पडलास? वय झालं की काय तुझं?"

आन्सेल्मने तोंड उघडलं, पण मारिव्हॉन आधी बोलली.

"माझाच पाय घसरला गं. यानं धरलं. नेहमीसारखं."

"मग! डोंगर हलेल, पण आमचा बाबा नाही हलायचा."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मारिव्हॉनला वाटलं असणार. बाईने ते मायेपोटीच केलं. पण मायेपोटी बोललेलं खोटं कुठे जाऊन कुणाच्या मानेवर बसेल, याचा काही नेम नसतो.

"बरं झालं विषय निघाला," ओदील म्हणाली. "रोशांचा गुडघा दुखावलाय. उद्या डोंगराच्या अरुंद धारेवरून उतरताना पाय कधी दगा देईल, सांगता येत नाही. शंभर किलोचा माणूस मला नाही पेलायचा. वरून निघताना त्यांना तू घे, मी मारिव्हॉनला घेते."

"अठ्ठ्याण्णव," रोशा म्हणाला. जिनिव्हाचा हा वकील ओदीलच्या दोरावर होता.

"सूप प्यायच्या आधी की नंतर?" ओदीलने विचारलं.

सगळे हसले. रोशाही हसला. "खुद्द आन्सेल्म मागे असेल तर मी डोळे मिटून उतरेन. जुळ्या मुली आहेत घरी, लहान आहेत. मुरलेला गाईड बरोबर असेल, असं बायकोला कबूल करूनच आलोय."

आन्सेल्म सूप पीत राहिला. मारिव्हॉनच्या हातातला पाव खाली पडला.

बुटांच्या खोलीत तिने त्याला गाठलं.

"सांग तिला."

"खोटं तू बोललीस."

"तुझी लाज राखायला बोलले. त्याचा जीव घ्यायला नाही."

"बोटं अशी अधूनमधून मरतात. जानेवारीपासून लपवतोय," तो म्हणाला. "हे सुटलं तर मी काय करू? गाई राखू?"

"राख."

तो बूट जागेवर ठेवून वर झोपायला गेला.

सकाळी नऊला चौघं शिखरावर पोचली. ऊन होतं, पण वारा कातडी सोलत होता. पुढची धार दोन्ही बाजूंनी तुटलेली, जेमतेम पाऊल मावेल एवढी. ओदीलने ठरल्याप्रमाणे दोर बदलले. रोशा धारेच्या तोंडाशी आन्सेल्मकडे पाठ करून उभा राहिला.

आन्सेल्मने वेढे उजव्या हातात घेतले आणि मूठ आवळली. अंगठा वळला, त्याच्याजवळचं बोट वळलं. बाकीची तीन हातमोज्यात तशीच राहिली.

"निघू?" रोशाने विचारलं. त्याने मागे पाहिलं नाही. शहाणं गिऱ्हाईक होतं.

एक शब्द म्हणायचा होता, बस. आन्सेल्मने तोंड उघडलं. मारिव्हॉन त्याच्याकडेच बघत होती.

"थांबा," तो म्हणाला. "ओदील, काल मी हिला धरलं नाही."

ओदीलने मारिव्हॉनकडे पाहिलं. मारिव्हॉनने मान खाली घातली.

"हात दाखव."

त्याने मूठ पुढे केली. अर्धीच मिटलेली ती मूठ बघून ओदीलचा चेहरा उतरला, मग रागाने लाल झाला. "आणि मी तुझ्या हातात..." ती रोशाच्या पाठीकडे बघून थांबली.

"काय झालंय?" रोशाने विचारलं.

"धार नको," ती म्हणाली. "आलो त्याच वाटेने खाली जायचं. चौघं एका दोरावर. मागे मी."

आन्सेल्मने दोराचं पुढचं टोक घेतलं. हातमोजा काढून, दातांची मदत घेत त्याने गाठ मारली. ओदील एकेकाची गाठ तपासत आली: आधी रोशाची, मग मारिव्हॉनची. गाईडच्या गाठीला कुणी हात लावत नाही. त्यावरून आमच्याकडे सख्ख्या भावांनी बोलणं टाकलंय. ओदील बापापाशी येऊन घुटमळली.

आन्सेल्मने दोन्ही हात बाजूला केले, गिऱ्हाइकं करतात तसे.

तिने गाठीला दोनदा हिसका दिला. नीट होती. मग ती वर गेली आणि सगळ्यांच्या मागे पाय रोवून उभी राहिली.

"चल, बाबा."

तो निघाला. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसऱ्या पावलाला त्याने मागे वळून पाहिलं.

ओदील खेकसली नाही.