सात नंबरचा वास

दिएपने सात नंबरच्या मशीनचा बाजूचा पत्रा काढला, तेव्हा आतून एक झुरळ निघालं आणि तिच्या मनगटावरून धावत टेबलाखाली गेलं. ती ओरडली नाही. नेट कॅफे चालवणाऱ्या बाईने झुरळ दिसलं की ओरडायचं ठरवलं, तर दिवसभर दुसरं काही करायलाच नको. तिने मनगट पँटला पुसलं, पुसून झाल्यावर पुन्हा एकदा पुसलं, आणि ब्रशने आतला काळा, मऊ गाळ वर्तमानपत्रावर ओढायला घेतला. धूळ, केस, सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, सिगारेटची राख, आणि नूडल्सच्या वाफेने या सगळ्याला आलेला चिकटपणा. माणसं खेळून जातात आणि मशीनच्या पोटात एवढं ठेवून जातात.

"झालं का?" काउंटरवरून खांगने विचारलं. "आज महिन्याची पहिली तिथी आहे, शुभ दिवस. दुपारच्या आत एक तरी कार्ड बसलं पाहिजे."

खांग तिच्या नवऱ्याचा थोरला भाऊ. घर त्याच्या नावावर, त्यामुळे शेवटचा शब्दही त्याचाच. एरवी तो महिन्यातून एखाद्या वेळी यायचा, पंख्याखाली बसून बर्फाचा चहा प्यायचा आणि उंटावरून शेळ्या हाकून जायचा. आज मात्र स्वतः खोकं उचलून आला होता. खोक्यातून त्याने जे काढलं ते ग्राफिक्स कार्ड म्हणायचं म्हणून कार्ड. लांबीला कोपरापासून बोटांपर्यंत, जाडीला विटेएवढं, वर तीन पंखे आणि कडेला रंगीत दिव्यांची पट्टी. लग्नाच्या मांडवात शोभलं असतं.

"अशी तीस," तो म्हणाला. "एका बंद पडलेल्या दुकानाचा माल. अर्ध्याहून कमी भावात."

दिएपने ब्रश खाली ठेवला. तिचं स्वतःचं कार्ड शेजारच्या टेबलावर होतं. दोन पंख्यांचं, वीतभर, काळं, साधं. महिनाभर घासाघीस करून तिने ते निवडलं होतं आणि ले थान्ह न्गी रस्त्यावरच्या दुकानदाराला तीस नग बाजूला ठेवायला सांगितलं होतं.

ती काही हौस म्हणून घासाघीस करत बसली नव्हती. घर हनोईतल्या जुन्या गल्लीतल्या घरांसारखंच, पुढे एक खिडकी आणि मागे नुसती नळी. त्या नळीत तीस खुर्च्या, तीस मशीन आणि तीस घामेजलेली पोरं. गेल्या जूनमध्ये एसीने मान टाकली, एका दुपारी दोनदा मीटरचं बटण पडलं, आणि पॉलिटेक्निकची अर्धी पोरं अर्धवट खेळ सोडून समोरच्या नव्या, काचेच्या कॅफेत गेली. ती परत आली नाहीत. आणखी एक उन्हाळा तसाच गेला तर शटर ओढायची वेळ येणार हे दिएपला कुणी सांगायला नको होतं.

"दादा, त्या कार्डाची ताकद दीडपट आहे, मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण आपले पडदे सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवतात. त्याच्यावर कार्डाने कितीही काढली तरी ती कुणाला दिसत नाहीत. ती नुसती गरम हवा होऊन खोलीत येतात. म्हणजे प्रत्येक खुर्चीमागे एक शेगडी."

"पोरं चित्रं मोजायला येत नाहीत. पोरं कार्ड बघायला येतात."

"घामाने निथळत?"

"तू दुकान चालव, धंदा मला शिकवू नकोस." खांग हसला. "तोआन, तू सांग बाबा तुझ्या बायकोला."

तोआन मागच्या जिन्याच्या पायरीवर नूडल्सचा वाडगा घेऊन बसला होता. कालच येन थेहून आला होता. तिथे मित्राबरोबर कोंबड्यांची शेड चालवतो, पंधरवड्यातून दोन दिवस घरी येतो. शेड घेताना दिएपने लग्नातलं सोनं काढून दिलं होतं. पहिल्या वर्षी तो येताना कोंबडी आणायचा, मग रोग आला म्हणून आणेनासा झाला.

"मला त्यातलं काय कळतंय," तो वाडग्यात बघत म्हणाला. "दादा म्हणतोय तर घे. मोठं ते चांगलंच असणार."

शेवटी असं ठरलं की सात नंबरमध्ये मोठं बसवायचं, आठमध्ये छोटं, आणि दोन्ही दुपारभर चालवून बघायचं. सातवर नेहमीप्रमाणे तिएन काका बसणार होते, आठवर तोच खेळ नुसता चालू ठेवायचा होता. काका म्हणजे बसमधले निवृत्त कंडक्टर. रोज जेवून येत आणि संध्याकाळपर्यंत पडद्यावर रणगाडे लढवत.

छोटं कार्ड चहातला बर्फ विरघळण्याआधी बसलं. मोठ्यासाठी मात्र कॅबिनेटच्या आतला एक पत्रा पकडीने कापावा लागला. त्याला विजेच्या तीन वायरी लागत, म्हणून खांगने आणलेला नवा पॉवर सप्लाय जोडावा लागला. इतकं करून बसलं, तर स्वतःच्याच वजनाने पुढून खाली झुकलं. खांगने सिगारेटचं रिकामं पाकीट दुमडून त्याला टेकू दिला आणि कौतुकाने दोन पावलं मागे सरला. बडा घर, पोकळ वासा. आणि या वाशाला टेकू सिगारेटच्या पाकिटाचा.

तो टेकू देत असताना दिएपने कार्डावरून बोट फिरवलं होतं. ते फारच स्वच्छ होतं. स्क्रूंची डोकी मात्र झिजलेली होती, आणि भांड्यांच्या साबणाचा लिंबाचा वास येत होता.

"दादा, हे रेडे तर नाहीत ना?"

बाजारात अशा कार्डांना नांगराचे रेडे म्हणतात. कुठल्या तरी शेडमध्ये शेकड्यांनी मांडून, रात्रंदिवस इंटरनेटवरची नाणी खोदायला जुंपलेली कार्डं. अंगातलं सत्त्व संपलं की धुऊन, पुसून बाजारात उभी करतात.

खांगचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "भावाला विकायला रेडे आणीन का मी?"

"रेडा धुतला म्हणून वासरू होत नाही, एवढंच म्हटलं."

पायरीवर तोआनचा घास तोंडाशी थांबला होता. तिला वाटलं, आपण त्याच्या भावाला बोललो म्हणून.

तिएन काका आले, बसले, आणि पहिल्या अर्ध्या तासात खांगची कॉलर ताठ झाली. पडद्याच्या कोपऱ्यातला चित्रांचा आकडा दोनशेच्या वर नाचत होता. आठ नंबर त्याच्या जवळपासही नव्हता.

"घोडा आहे हो, घोडा," काका म्हणाले. "पण माझ्या पोटऱ्या भाजतायत त्याचं काय?"

"काका, रणगाड्यात गरम होतंच," खांग म्हणाला.

दिएपने दोन्ही मशीनचं तापमान पाहिलं. आठ नंबर पासष्ट, सात नंबर चौऱ्याऐंशी. मोठ्या कार्डाचे तिन्ही पंखे आता विमान उडावं तसे घोंघावत होते. आकड्यावरच भांडण मिटलं असतं, पण तेवढ्यात काकांनी नाक वर केलं.

"इथे कुणी आंबवलेल्या कोळंबीची चटणी उघडली काय?"

"समोरच्या टोफूवाल्या बाईची असेल," खांग म्हणाला.

"छे. ती मी रोज खातो. हे निराळंच आहे." काकांनी खुर्ची मागे ढकलली. "मागच्या जन्मी मी खुराड्यात होतो की काय? ओळखीचं वाटतंय."

दिएप वाकली आणि सात नंबरच्या मागच्या जाळीपाशी तोंड नेलं. गरम हवेचा झोत नाकात शिरला. आधी लिंबाचा साबण. मग त्याच्या खालून हळूहळू वर येणारी ती घाण: कोंबड्यांची विष्ठा, ओला भुसा, पिसं आणि आंबलेलं खाद्य. धुतलं होतं ते वरवरचं. आतल्या बारीक पत्र्यांत बसलेली धूळ कार्ड तापलं तशी पुन्हा जिवंत झाली होती. तिने तोंडावर हात धरला, आणि तरीही ती लगेच मागे झाली नाही.

कारण वास नुसता कोंबड्यांचा नव्हता. त्याला एक भाजका, करपलेला शेवट होता, आणि तो तिला पाठ होता. दर पंधरवड्याला तोआनचे कपडे ती वेगळ्या बादलीत भिजवायची. नाक बाजूला करून घासायची आणि मनाशी म्हणायची, पिल्लांना ऊब द्यायला दिवे लावतात ना, त्याने असं करपट येत असेल. दीड वर्ष तिने ते हातांनी घासलं होतं. आता तिला त्या हातांचीसुद्धा किळस आली.

ती उठली आणि मशीन बंद केलं. पंखे थांबल्यावर खोलीत इतर मशीनची नुसती घरघर राहिली.

"एवढं काय झालं?" खांग म्हणाला. "काढ, मी नेतो. पुन्हा एकदा धुतलं की जाईल."

"पुन्हा?" दिएपने विचारलं.

खांगने चहाचा रिकामा ग्लास तोंडाला लावला.

तिने कार्ड काढायला हात घातला. खाचेच्या टोकाला एक बारीक खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. छोट्या कार्डाची खिट्टी समोर दिसते. हे धूड मात्र खिट्टीवरच पसरलं होतं, वरून दिसत नव्हती आणि बोट आत जात नव्हतं. तिने दोनदा प्रयत्न केला. तापलेल्या पत्र्याला बोट लागून चटका बसला.

"सरक," तोआन म्हणाला.

तो पायरीवरून उठून कधी आला ते तिला कळलं नाही. नूडल्स खायच्या दोन काड्यांपैकी एक त्याच्या हातात होती. त्याने आत पाहिलंही नाही. काडी कार्डाच्या पोटाखालून तिरपी सरकवली, मनगटाला एक हलका झटका दिला, टक् असा आवाज झाला, आणि कार्ड सुटून त्याच्या आडव्या धरलेल्या डाव्या हातावर आलं, पंखे वर, कडा अंगाला टेकलेली, तान्हं मूल घ्यावं तसं. आणि उजवा हात, काडीसकट, आपोआप पुढच्या मशीनकडे गेला. पुढचं कार्ड काढायला.

तिथे पत्रा बंद होता. हात तसाच हवेत राहिला.

तिएन काकांनी एकदा तोआनकडे पाहिलं, एकदा दिएपकडे, आणि पस्तीस वर्षं बसमध्ये नवरा-बायकोंची भांडणं पाहिलेल्या माणसासारखे उठून आठ नंबरवर जाऊन बसले. हेडफोन कानाला लावले.

दिएपने फोन उचलून दुकानदाराला लावला.

"हो, मीच. ती तीस पाठवून द्या. दोन पंख्यांची. आजच."

"दिएप," खांग म्हणाला. आवाज खाली आला होता, पण धार होती. "घर कुणाचं आहे ते विसरू नकोस."

"घर तुमचंच आहे, दादा. खिडकीपासून संडासापर्यंत तुमचं." तिने फोन खाली ठेवला. "वास तेवढा माझ्या घरचा आहे."

खांगने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि खिशात सिगारेट चाचपत दाराकडे गेला. पाकीट रिकामं होतं आणि सात नंबरच्या पोटात पडलेलं होतं, हे त्याला दारात आठवलं. तो तसाच बाहेर उन्हात गेला.

तोआन कार्ड धरून उभा होता. ते अजून भाजत असणार, कारण तो ते एका हातावरून दुसऱ्यावर घेत होता. ठेवायला त्याला जागा हवी होती. टेबलावर धुळीचं वर्तमानपत्र पसरलेलं होतं, आणि दिएपने ते उचललं नाही. एरवी तो दारातून आला की ती त्याच्या हातातली पिशवी घ्यायची.

"शेडमध्ये अजून किती आहेत?" तिने विचारलं.

तोआनने ओठांवरून जीभ फिरवली.

"कोंबड्या?"

"हो," दिएप म्हणाली. "तीन पंख्यांच्या."

त्याने कार्ड पुन्हा दुसऱ्या हातावर घेतलं. मग त्याने आकडा सांगितला, इतक्या हळू की काकांच्या रणगाड्यांच्या आवाजात तो दुसऱ्या कुणाला ऐकू गेला नसता. तिच्या सोन्यात तेवढी आली असतील, असं तिला वाटलं. तिने मान हलवली. आठ नंबरमध्ये बसवल्यासारखंच एक छोटं कार्ड नमुन्याचं म्हणून दुकानदाराने जादा दिलं होतं. ते तिने आपल्या खोक्यातून काढलं, सात नंबरच्या समोर गुडघे टेकले आणि अंगठ्याने दाबलं. ते लगेच बसलं.