फुल रेसला दम खाते

चढाच्या मध्यावर त्याने अ‍ॅक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळली आणि तशीच धरून ठेवली. गाडीने आधी बिनतक्रार वेग घेतला, मग घशात घास अडकावा तशी ती अडखळली. तो पुढे टाकीवर ओणवा झाला. मूठ सैल करताच ती पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली.

भाचा गेला त्या दिवशी, मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या पुढे जाताना हेच झालं असणार. ट्रकवाला घसा फोडून सांगत होता, गाडी माझ्यासमोर जागच्या जागी मेली, मी काय करू? त्याचं कोणी ऐकलं नाही. खुद्द पोराचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "मस्ती नडली त्याला." तेव्हापासून बहिणीने नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि आज ती मेकॅनिक भावाच्या गॅरेजात येऊन बसली होती. चूक पोराची होती की गाडीची, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं.

मागचं वाकलेलं चाक बदलून त्याने गाडी चालण्याजोगी केली होती. सकाळपासून एकेक उघडून झालं होतं. प्लगची ठिणगी चांगली, एअर फिल्टर स्वच्छ, कार्बोरेटरमध्ये कचऱ्याचा कण नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला चाललंय, हे त्याला कळत होतं, पण मांडी कुठली ते कळत नव्हतं. शेवटी तो गाडी चढावर घेऊन आला. गल्लीत ती गुणी बाळासारखी वागायची. गेल्या महिन्यातही अशीच वागली होती.

"मामा, फुल रेस दिली की दम खाते गाडी," तेव्हा भाचा म्हणाला होता.

"मामावर गेलीय. वय झालं तिचं."

दोघंही हसले होते. त्याने कार्बोरेटर साफ केला, गल्लीच्या टोकापर्यंत एक फेरी मारली आणि गाडी परत दिली.

तो पुन्हा खाली जाऊन चढाला लागला. यावेळी गाडी अडखळताच त्याने ती थांबवली आणि टाकीचं झाकण उघडलं. टाकीने सूं करून हवा आत ओढली. झाकण नुसतं वर टेकवून त्याने परत मूठ पिळली, आणि गाडी एका दमात चढ चढून गेली. काखेत कळसा म्हणतात तो हा. टाकीच्या झाकणाला हवा आत घेणारं एक बारीक भोक असतं. ते बुजलं की पेट्रोल नीट खाली उतरत नाही. हळू चालवताना तेवढ्यावर भागतं, जोर लावला की इंजिन उपाशी राहतं.

त्याने भोकात तार घातली. गंज निघेल किंवा चिखल, असं त्याला वाटलं होतं. निघाला तो हिरवट, कडक झालेला खडा. थुंकी लावून तो बोटांत चोळला तर फेस आला. कपड्यांचा साबण होता. साबण काही आपल्या पायांनी चालत तिथे जात नाही.

गॅरेजात बहीण स्टुलावर तशीच बसली होती. हातातल्या ग्लासातला चहा निवून गेला होता.

"सापडलं?"

"बघतोय. ताई, रात्री गाडी कुठे ठेवायचात?"

"घरातच, पुढच्या खोलीत. बाहेर ठेवली की लोक आरसे काढून नेतात. का रे?"

"असंच."

"वास काय यायचा पेट्रोलचा! ह्यांचा खोकला थांबेना. मग मीच केला बंदोबस्त. झाकणात साबण दाबून भरला. आपल्या आबांच्या गाडीची टाकी झिरपायची तेव्हा तूच नव्हता का लावलास? पेट्रोलात साबण विरघळत नाही, म्हणालास. घरात कोणाला सुचलं नाही, मला सुचलं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात थोडी जान आली होती. खिशात साबणाचा तो खडा होता. त्याने त्याच्याभोवती मूठ आवळली.

"सांग ना, बाबू. माझ्या पोराची चूक होती?"

"नाही."

"माझ्या गळ्याची शपथ घे."

"तुझ्या गळ्याची शपथ, ताई. त्याची चूक नव्हती."

"मग काय झालं?"

त्याने फडकं उचललं आणि स्वच्छ असलेले हात पुसले.

"कार्बोरेटर. गेल्या महिन्यात मी उघडला होता. आतला जेट नीट आवळलाच नाही मी. जोर दिला की पेट्रोल कमी पडायचं. तो मला सांगत होता, ताई. मी हसण्यावारी नेलं."

शेवटची दोन वाक्यं खरी होती, म्हणून बाकीचंही न अडखळता आलं.

"म्हणजे त्याने मस्ती नव्हती केली," ती म्हणाली.

"नव्हती."

तिचे डोळे भरले. तिने पदराने तोंड दाबलं. मग तिने ग्लास खाली ठेवला आणि भावाकडे पाहिलं. गर्दीत धक्का देऊन गेलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं.

"हे म्हणत होते, शोरूमला देऊ. मीच हट्ट धरला, घरचा माणूस असताना बाहेर कशाला?"

"ताई..."

ती उठली. दाजी रस्त्याच्या पलीकडे उभे होते. बायको बोलत नव्हती, म्हणून ते आत आले नव्हते. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मधून एक टेम्पो गेला, त्यामुळे सगळं ऐकू आलं नाही. शेवटचं तेवढं आलं.

"त्याने काही केलं नव्हतं. ह्याने केलं."

दाजींनी गॅरेजकडे पाहिलं. बोट रोखतील, शिव्या देतील, म्हणून तो तयारीत उभा होता. पण ते मटकन फुटपाथवर बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. ताईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळाने तिने त्यांना धरून उठवलं आणि दोघं घराच्या दिशेने चालू लागली.

ती वळून बघेल म्हणून तो दारात उभा राहिला, गल्ली रिकामी झाली तरी.