पहिल्या मजल्यावरचा समुद्रकिनारा

निवृत्त पोस्टमनने चारशे किलोमीटरची समुद्रकाठची पायवाट घरातल्या घरात चालायला घेतली, तेव्हा तीत कुणाचं रक्त सांडेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. माहितीपुस्तिकेत धोके तीनच दिले होते: निसरडे खडक, ढासळते कडे आणि भरतीचं पाणी. तळमजल्यावरच्या खाटकाचा उल्लेख कुठेच नव्हता.

झालं असं, की पोस्टमन पडला आणि डॉक्टरांनी त्याच्या खुब्यात लोखंड बसवलं. मुलगी गणिताची शिक्षिका. तिने वृद्धाश्रमात एक पलंग धरून ठेवला आणि मग बापाला सांगितलं.

"तीन महिने धरतील ते, बाबा."

"अगं, पण मी चालू शकतो!"

"सिद्ध करा."

ती पायवाट चालायचं त्याच्या मनात तरुणपणापासून होतं. इतरांची पत्रं पोचवता पोचवता ते राहून गेलं होतं. त्याने नकाशाचे आठ तुकडे जोडून खिडकीपासून दारापर्यंतच्या बोळात भिंतीवर चिकटवले आणि जिथवर चाल झाली तिथे टाचणी खोचायची असं ठरवलं. बोळ बरोबर आठ मीटरचा; सव्वाशे खेपा म्हणजे एक किलोमीटर. अट ठरली. तीन महिन्यांत शेवटच्या दीपगृहाशी पोचला, तर पलंग रद्द, आणि मुलगी सुट्टीत त्याला खऱ्या पायवाटेवर नेणार. नाही पोचला, तर सामान बांधायचं. दर रविवारी ती वही तपासायला येणार.

आता घरात चालायला माणसाला काय लागतं? काही नाही. पण पोस्टमन तत्त्वाचा माणूस. त्याने जाड तळाचे डोंगरबूट घेतले, लोखंडी टोकाची काठी घेतली, आणि किनाऱ्यावर वारा असतो म्हणून पंखा पाचावर ठेवला. वहीत तो प्रामाणिकपणे लिही: 'किलोमीटर सत्तावीस. खडक निसरडे.' त्या दिवशी फरशी पुसलेली होती.

सकाळी खुबा वळत नसे, म्हणून चालणं दुपारी दोन ते सहा. खालचा खाटीक पहाटे तीनला कामावर जाई आणि दुपारी एकला घरी येऊन झोपे. एवढं सांगितलं की पुढचं सांगायची खरं तर गरज नाही. पण सांगतो.

पहिल्या आठवड्यात खाटकाने बांबूने छत ठोकलं. पोस्टमनला वाटलं, लाटा. दुसऱ्या आठवड्यात खाटीक वर आला.

"काका, जरा हळू चालता का? झोप होत नाही हो."

"कड्यावर हळूच चालतोय बाबा. उद्या वाळू लागेल, मग आवाज नाही यायचा."

दुसऱ्या दिवशी वाळू लागली, पण फरशी तीच होती. खाटीक पुन्हा वर आला, आणि या वेळी त्याने पोस्टमनच्या तोंडावर एक ठोसा ठेवून दिला. पुढचा दात पडला. पोस्टमनने वहीत लिहिलं, 'किलोमीटर एकसष्ट. दगड कोसळला.' मग तो खिडकीत गेला आणि खाटकाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर चहाचं आधण ओतलं. खाटकाने काठी पळवून तिचे ओंडक्यांसारखे नऊ तुकडे केले आणि दारात नीट रचून ठेवले. पोस्टमनने नवी काठी आणली, जास्त जाड टोकाची. शिवाय तीन वाजता, ऐन झोपेच्या वेळी, तो आता मुद्दाम एक उडी मारू लागला. लोखंड खुब्यात होतं, त्यामुळे उडीला वजन होतं.

असे दोन महिने गेले. मग एके सकाळी हाडावर सुरा चालवताना खाटकाला डुलकी लागली, आणि डाव्या तर्जनीचं पेर कुणाच्या तरी अर्ध्या किलोत गेलं. वजन पुरेपूर भरल्यामुळे गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. पण खाटकाची होती.

मुदतीला बरोबर एक आठवडा उरला होता, वार रविवार. पोस्टमनचे चौदा किलोमीटर बाकी होते आणि तो अगदी खुशीत होता. दार बिजागरीसकट आत आलं. पाठोपाठ खाटीक. त्याने पोस्टमनचा गळा धरला, त्याला उचलून नकाशावर दाबला आणि दाबता दाबता त्याची नजर म्हाताऱ्याच्या कानाशेजारी गेली.

"हे काय आहे रे?"

गळा आवळलेला असल्यामुळे पोस्टमनला उत्तर देता येईना. खाटकाने साडेनऊ बोटं जरा सैल केली.

"खाडी."

"आणि तुझी टाचणी सरळ पलीकडे? पोहलास?"

"तुटक रेघ आहे ना तिथे. पूल आहे."

"पूल? अरे म्हाताऱ्या, मी त्या खाडीवर जन्मलो! ती होडीची रेघ आहे. होडी बुडून वीस वर्षं झाली. माझा काका वल्हवायचा. काकाही गेला, होडीही गेली; घरी होडीची हळहळ जास्त झाली. आता वळसा घालून जावं लागतं. एकतीस किलोमीटर."

पोस्टमन पांढराफटक पडला. चाळीस वर्षं त्याने मागच्या दारांतून आणि कुंपणाच्या फटींतून जवळच्या वाटा काढल्या होत्या. तुटक रेघ दिसली की ती कशाची, हे न विचारताच त्याचे पाय तिकडे वळत.

खाटकाच्या चेहऱ्यावर तीन महिन्यांत पहिल्यांदाच हसू आलं. "पोरगी आज येते ना तुझी? तुमची अट जिन्यात ऐकलीय मी. सांगतो तिला. तू वृद्धाश्रमात, मी अंथरुणात." आणि तो जिन्याकडे निघाला.

पोस्टमनने आयुष्यात कुणाचं पत्र अडवलं नव्हतं. हा निरोप मात्र त्याने अडवला. जाड टोकाची काठी खाटकाच्या गुडघ्यामागे बसली, खाटीक वाकला, वाकता वाकता त्याने म्हाताऱ्याचा बूट धरला, आणि दोघेही जिन्यावरून गडगडत निघाले. पाचव्या पायरीवर पोस्टमनने खाटकाच्या कानाचा चावा घेतला. एक दात कमी असल्याने पकड नीट बसली नाही. नवव्या पायरीवर खाटकाने त्याची दोन बोटं उलटी वाकवली. तळाशी खाटकाचं नाक खुब्यातल्या लोखंडावर आपटलं. नाक मोडलं. लोखंड टिकलं.

समोर मुलगी उभी होती, हातात बापाच्या खिशातून निसटून खाली आलेली वही.

"त्याला विचार," खाटीक रक्त थुंकत म्हणाला, "खाडी कशी ओलांडली! एकतीस किलोमीटर खाल्लेत!"

मुलीने बापाकडे पाहिलं. बापाने खाली पाहिलं. तिने वही उघडली आणि खाटकाच्या पाठीवर टेकवून हिशेब केला.

"चौदा अधिक एकतीस, पंचेचाळीस. भागिले सात. रोज सहा पूर्णांक त्रेचाळीस शतांश. मुदत तीच, बाबा."

"ताई," खाटीक रडकुंडीला आला, "तो पलंग मला द्या. वर कोणी चालत नाही ना तिथे?"

"एकमजली आहे." तिने वही मिटली. "तुमच्या घराखाली कोण राहतं?"

"खाली? कोण राहणार? माती आहे."

मुलीने जिन्याकडे बोट केलं, आधी वर, मग खाली. इतके दिवस, एक दात, एक पेर, एक काठी आणि एक दार खर्ची घालून जे दोघांना सुचलं नव्हतं, ते सुचायला गणित लागतं.

सोमवारपासून खाटीक दुपारी पहिल्या मजल्यावर पोस्टमनच्या अंथरुणात झोपू लागला आणि पोस्टमन तळमजल्यावर चालू लागला. खाली नकाशा नव्हता, म्हणून खाटकाने झोपायला जाण्यापूर्वी कोळशाने भिंतीवर खाडीचा वळसा काढून दिला. चिखल कुठे, काटे कुठे, पाणी कुठे चढतं, सगळं. "इथे खेकडे चावतात," त्याने बजावलं, आणि पोस्टमन त्या खेपेला पाय उचलून टाकू लागला. बोटांना फळ्या बांधलेल्या, खुबा कुरकुरणारा, तरी रोज साडेसहा किलोमीटर. गुरुवारी तो दोनदा पडला. शुक्रवारी बुटात रक्त होतं. वर खाटीक मोडक्या नाकाने घोरत होता, इतका की आता पोस्टमननेच एकदा काठीने छत ठोकलं.

रविवारी दुपारी चारला शेवटची खेप झाली. मुलीने वहीत 'पूर्ण' लिहिलं, खाली सही केली आणि बापासमोरच वृद्धाश्रमात फोन करून पलंग सोडला.

पोस्टमनला कुणालातरी सांगायचं होतं. जिना चढून, वरच्या ज्या बोळात कधी धावला नव्हता त्या बोळातून तो, बुटांसकट, धावत गेला आणि गाढ झोपलेल्या खाटकाला गदागदा हलवून ओरडला, "पोचलो!"

संध्याकाळी त्याने डाव्या हाताने वहीत शेवटची नोंद केली, कारण उजव्यात फडक्यात बांधलेला बर्फ गालाशी धरलेला होता.

'किलोमीटर चारशे एकतीस. दीपगृह. इथे अजूनही दगड कोसळतात. दात दुसरा.'